तांदळाच्या धुवणाचे ५९९ रुपये

आज दुपारी भाचीचा व्हिडिओ कॉल आला. नवी नोकरी, हिंजवडीला पीजीत राहते, हातात पगार येतो बावीस हजार. "मावशी, बघ काय काय मागवलंय!" म्हणत तिने चार बाटल्या कॅमेऱ्यासमोर ओळीने मांडल्या. त्यातली एक 'राइस वॉटर टोनर'. १०० मिली, ५९९ रुपये. तांदळाचं धुवण! तिची आई रोज सकाळी कढीपत्त्याच्या कुंडीत ओतते, ते.

मी तिला बाटलीमागची घटकांची यादी वाचायला लावली. वजनाने जे जास्त ते आधी लिहायचं, असा नियम आहे. एक टक्क्याहून कमी असलेले घटक मग शेवटी, कुठल्याही क्रमाने. तिने वाचलं: पाणी, ग्लिसरीन, मग दोन-तीन लांबलचक रसायनं, मग सुगंध, आणि सुगंधाच्याही नंतर तांदळाचा अर्क. झालं. म्हणजे पोरीने सहाशे रुपये मोजून पाणी आणि ग्लिसरीन आणलं.

पोरीचा राग नाही आला. राग आला तो तिला दिवसरात्र मोबाईलवर "तुमची त्वचा डल झालीय, पोर्स उघडे पडलेत" असं सांगत राहणाऱ्यांचा. बावीस वर्षांची मुलगी! तिच्या गालावर हात फिरवला तर हात घसरतो. तिला आधी आरशासमोर रडवायचं आणि मग तिच्याच घरातली वस्तू बाटलीत भरून तिला विकायची. डोकं फिरतं माझं.

माझी आत्या कणकवलीजवळच्या एका गावात प्राथमिक शिक्षिका होती. चौथीपर्यंत मी तिच्याकडेच राहिले, तिच्याच शाळेत. तिच्या पिशवीत खोकल्याच्या औषधाची एक तपकिरी बाटली असायची, उकळून, उन्हात वाळवून घेतलेली. त्यात निम्मं ग्लिसरीन, निम्मं गुलाबपाणी. तोंड धुवून, न पुसता, ओल्या चेहऱ्यावर चार थेंब लावायची. ग्लिसरीन ओलावा धरून ठेवतं, म्हणून ओल्या चेहऱ्यावर. बस, एवढाच तिचा शृंगार. एकदा बदलून आलेल्या नव्या बाईंनी तिला विचारलं, "बाई, क्रीम कुठली लावता हो?" आत्याने ती बाटली काढून सरळ त्यांच्या हातात दिली. "ही न्या. संपली की केमिस्टकडून ग्लिसरीन आणा." आजही ग्लिसरीन आणि गुलाबपाणी दोन्ही मिळून दीड-दोनशेच्या आत येतं आणि महिनोन् महिने पुरतं.

आता कुणी लगेच लिहील की घरगुती म्हणजे सगळंच चांगलं नसतं. नसतं, मान्य. लिंबू चेहऱ्यावर चोळू नका, ते फार आम्ल असतं, आणि लावून उन्हात गेलात तर कातडी भाजून काळे डाग पडतात. खायचा सोडाही नको. सनस्क्रीन घरी होत नाही, ते विकतच आणा, आणि तोंडभर पुळ्या असतील तर डॉक्टरकडे जा. पण म्हणून काजळ पुसायला वेगळं 'क्लीन्झिंग ऑइल' कशाला? खोबरेल तेलाचे दोन थेंब कापसावर घ्या, सगळं काजळ निघतं. केस बसवायला जेल कशाला? जवस पाण्यात उकळा, गरम असतानाच गाळा (थंड झालं की गाळणीतून खाली उतरत नाही), झालं जेल. जास्वंदीची पानं वाटली की तो बुळबुळीत गर केसांना लावा. केस धुवायला रिठा घ्या. त्याला फेस येतो तो त्यातल्या सॅपोनिन नावाच्या साबणासारख्या द्रव्यामुळे. डोळे तेवढे घट्ट मिटा, भयंकर झोंबतं. आणि हे सगळं थोडं थोडंच करा. पाण्यात केलेली वस्तू टिकत नाही, तांदळाचं धुवणसुद्धा फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंतच ठेवा.

आणि कोकमचं तेल! या मुलींना 'कोकम बटर' लिहिलेली क्रीम माहीत आहे, कोकमच्या तेलाचा गोळा माहीत नाही. पांढुरका, टणक, कागदात गुंडाळलेला. आत्या शाळेला जांभ्या दगडाच्या वाटेने चालत जायची, थंडीत टाचांना इतक्या भेगा पडायच्या की रक्त यायचं. रात्री जेवणं झाली की गोळ्याचा एक तुकडा पळीत घालून चुलीवर धरायची. तेल वितळलं की किंचित निवू द्यायचं आणि कोमट थेंब एकेका भेगेत सोडायचे. पहिल्या थेंबाला ती दातांतून 'स्स' करायची. भेगेतच ते परत थिजायचं. मग वरून काकांचे जुने मोजे. सकाळी टाच मऊ.

भाचीला हे सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मावशी, पीजीत माझं स्वतःचं असं एवढं एक शेल्फ आहे. त्यावर या बाटल्या ठेवल्या की बरं वाटतं." मला काही सुचलंच नाही बोलायला. खरं आहे पोरीचं. पहिल्या पगाराचं कौतुक असतं, आणि आम्ही तरी कुठे जुन्या बाटलीचं कौतुक करायला शिकवलं तिला? बरं वाटू दे. एक बाटली राहू दे. पण चार नको. दर महिन्याला दोन-अडीच हजार नको, बावीस हजारांत नऊ हजार भाडं जात असताना नको.

आत्याने त्या नव्या बाईंना दिली तशी एक बाटली मी आजच भरली आहे, काचेची, चांगल्या झाकणाची, तिच्या शेल्फावर शोभेल अशी. रविवारी नेऊन देणार. कोकमच्या तेलाचा गोळा मात्र इथे पुण्यात मनासारखा मिळत नाहीये. कुडाळ, कणकवली, मालवणकडून कुणी या आठवड्यात येत असेल तर चार गोळे घेऊन या. पैसे लगेच पाठवते, मेसेज करा.