‘इन्फ्लेमेबल’ म्हणजे आपोआप पेटणारं? अजिबात नाही

एक पोस्ट पुन्हा फिरायला लागली आहे. तिचं म्हणणं असं: ‘मूळ शब्द फ्लेमेबल. तो ठिणगी लागल्यावर पेटणाऱ्या पदार्थांसाठी. ठिणगीशिवाय आपोआप भडकणाऱ्या पदार्थांसाठी त्यालाच पुढे इन जोडून इन्फ्लेमेबल केलं.’ ऐकायला पटतं, म्हणूनच पसरतं.

‘मूळ शब्द फ्लेमेबल’ हे उलटं आहे. इन्फ्लेमेबल इंग्रजीत १६०५ च्या सुमारास आला. फ्लेमेबल छापील सापडतो तो १८१३ मध्ये.

‘इन जोडून’ हेही नाही. लॅटिनमध्ये ‘इन्फ्लामारे’ म्हणजे पेटवणे. इन तिथूनच सोबत आलं. हे ‘आत’ अर्थाचं इन, इनहेलमध्ये असतं तेच. लॅटिनमध्ये नकाराचंही एक इन आहे आणि खरा घोळ त्याने घातला. इन्फ्लेमेबल म्हणजे ‘न पेटणारं’ असं समजून कुणी डब्याशेजारी काडी ओढायचा, या धास्तीने अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने १९२० च्या दशकात फ्लेमेबल वापरण्याचा आग्रह धरला. अर्थ एकच होता, म्हणूनच तर एकाच्या जागी दुसरा बसवता आला.

आता ‘आपोआप भडकणारं’. शब्दांची चूक एक वेळ सोडून देता येईल, ही नाही. पेट्रोलची वाफ उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही ठिणगीने पेट घेते. ठिणगी नसेल तर मात्र ते २५० अंशांच्या आसपास किंवा त्याहून जास्त तापावं लागतं. टँकरवर इन्फ्लेमेबल लिहिलं म्हणून आतलं पेट्रोल आपणहून पेटत नाही. हवेत आपोआप पेटणारा पदार्थ म्हणजे पांढरा फॉस्फरस. तो साधारण ३० अंशांनाच पेटतो, म्हणून पाण्याखाली ठेवतात. अशांसाठी शब्दही वेगळा आहे: पायरोफोरिक.

आणि लेबलवर भिस्त ठेवणाऱ्यांसाठी एक गंमत, खरं तर गंमत नाहीच. लाकडाला चोळायचं जवसाचं तेल रसायनांच्या जागतिक वर्गीकरणात फ्लेमेबल द्रवांत बसत नाही, कारण तिथली फ्लॅश पॉइंटची (म्हणजे ठिणगीने पेटेल इतकी वाफ ज्या तापमानाला निघू लागते त्याची) मर्यादा ९३ अंश आहे आणि या तेलाचा २०० च्या वर जातो. पण त्याच तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाका. तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं, त्यातून उष्णता निघते, बोळ्यात ती कोंडते आणि काही तासांत चिंध्या पेटू शकतात. ठिणगीची गरज नाही. त्या एकेक पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.