वाऱ्यावर सोडलेली सुट्टी

हॉटेलच्या फोटोत माडाच्या झावळ्या निवांत खाली लोंबत असल्या की बायको म्हणते, "अहाहा!" आणि मी पुढचं हॉटेल बघायला लागतो. मला झावळ्या एका बाजूला चापून विंचरल्यासारख्या हव्या असतात. काइटसर्फिंग, म्हणजे भल्यामोठ्या पतंगाच्या ओढीवर फळीवरून पाणी कापत जाणं. ते करणाऱ्याच्या संसारातली ही मूळ कुरबुर. बाकीच्यांची सुट्टी ज्या हवेने बिघडते, तिच्यावरच माझी सुरू होते.

माझ्या मागण्या तशा माफक आहेत. वारा साधारण 12 ते 25 नॉट, म्हणजे ताशी 22 ते 46 किलोमीटर हवा. त्याखाली काइट पाण्यात लोळतं. त्यावर गेलं, तर आपण काइटला न्यायचं की काइटने आपल्याला, हे ठरवायला वेळच मिळत नाही, कारण वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. शिवाय वारा किनाऱ्याला समांतर किंवा थोडा तिरका, समुद्राकडून येणारा पाहिजे. एवढंच!

पण वाऱ्यांची वेळापत्रकं आपल्या रजेला विचारून बनलेली नाहीत. श्रीलंकेतल्या कल्पिटियाला जायचं तर नैऋत्य मोसमी वाऱ्यात. केप टाउनचा 'केप डॉक्टर' नावाचा वारा तिकडच्या उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीच्या आसपास भेटतो. झांझिबारला जून ते सप्टेंबर दक्षिणेकडून कुसी वाहतो, डिसेंबरनंतर उत्तरेकडून कास्काझी. रजेच्या अर्जावर कारण म्हणून 'कुसी' लिहिता येत नाही. मी 'कौटुंबिक' लिहितो.

किनाऱ्यावर पोहोचल्यावरही दिवसाचं गणित उरतंच. शाळेच्या भूगोलातले खारे आणि मतलई वारे तेव्हा दोन मार्कांचे होते, आता माझा मूड त्यांच्यावर ठरतो. पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो आणि काठाजवळचं पाणी आरशासारखं होतं. "बघ, किती छान सपाट आहे. जा की आत्ताच!" बायको म्हणाली. हा वारा माणसाला सरळ खोल समुद्रात पोहोचवतो. विम्याचे कागद कुठल्या कप्प्यात आहेत, हे मी तिला आदल्याच आठवड्यात सांगितलं होतं. मी गेलो नाही.

खारा वारा यायला जमीन तापावी लागते. म्हणजे टळटळीत ऊन पाहिजे. ढग आले, सगळा किनारा सुखावला, की मी एकटा आभाळाला शिव्या देत बसतो. आणि दुपारी ती छत्रीखाली पुस्तक उघडून पहिलं पान वाचते न वाचते तोच वारा सुटतो. छत्री उलटी, चहात वाळू, पुस्तकाची पानं आपोआप उलटत थेट शेवटावर. खुनी कोण हे तिला वाऱ्याने सांगितलं. मी मात्र पाण्यावरून हात हलवत होतो. तिनेही हलवला, पण तो हात दिसण्यासाठी नसावा.

पुढच्या सुट्टीचं ठिकाण तिने ठरवलंय. झांझिबारच, पण एप्रिलमध्ये. मी म्हटलं, "अगं, तेव्हा दोन्ही वाऱ्यांच्या मधला काळ असतो, आणि पाऊस धो धो!"

"चालेल," ती म्हणाली. "निदान सरळ खाली पडेल."