निरोगी कानात चिप बसवून जास्त ऐकू येत नाही, आहे ते जातं

सांगली-मिरजेत पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचा मजकूर थोडक्यात असा: ‘बहिऱ्या मुलाला कानात मशीन बसवल्यावर ऐकू येतं, मग चांगल्या कानाच्या मुलाला बसवलं तर दुप्पट ऐकू येईल. वटवाघळाचे आवाज कळतील, गाण्याचा कान तयार होईल. मेंदू लवचीक असतो तोवर, म्हणजे ५ वर्षांच्या आत करा. परदेशात सुरू झालंय. आईवडिलांची सही पुरते.’ श्रवणदोषाचं काम रोज करणारे म्हणून यातल्या एकेका वाक्याला उत्तर देतो आहोत, कारण काही पालक हे खरं मानून चौकशी करायला लागले आहेत.

‘दुप्पट ऐकू येईल’ या वाक्यातच सगळा घोटाळा आहे. मेसेजमधलं ते मशीन म्हणजे कॉक्लिअर इम्प्लांट. तो कानाची ताकद वाढवत नाही. तो कानाला वगळून थेट ऐकण्याच्या नसेला वीज देतो. बाहेर कानामागे मायक्रोफोन आणि प्रोसेसर, डोक्याला चुंबकाने चिकटणारी कॉइल. आत कातडीखाली रिसीव्हर आणि त्यातून निघून आतल्या कानातल्या शंखात (गोगलगायीसारख्या वळणदार भागात) शिरणारी बारीक तार. तिच्यावर कंपनीप्रमाणे १२, १६ किंवा २२ इलेक्ट्रोड, म्हणजे वीज देणारे बिंदू असतात. निरोगी शंखात हेच काम आतल्या रांगेतल्या सुमारे ३,५०० केसपेशी (आवाज टिपणाऱ्या पेशी) करतात आणि बाहेरच्या रांगांतल्या सुमारे १२,००० केसपेशी त्यांना साथ देतात. त्यांच्या जागी २२ बिंदू बसवून दुप्पट कसं होणार?

ती तार आत कशी जाते तेही बघा. मुलाला पूर्ण भूल देतात. कानामागे चीर घेऊन मॅस्टॉइडचं हाड ड्रिलने कोरतात. चेहरा हलवणारी नस आणि जिभेला चव देणारी नस यांच्यामधल्या दोन-तीन मिलिमीटरच्या फटीतून मधल्या कानात पोचतात आणि शंखाच्या गोल खिडकीतून तार सावकाश आत सरकवतात. हात कितीही तयार असला तरी तार कधी आतला पडदा फाडून भलत्या कप्प्यात जाते. जागेवर बसली तरी पुढच्या काही महिन्यांत तिच्याभोवती सूज येते, तंतू धरतात आणि उरलेल्या केसपेशी मरू शकतात. माणसाच्या केसपेशी पुन्हा उगवत नाहीत. पूर्ण बहिऱ्या मुलाकडे तिथे गमावण्यासारखं जवळजवळ काही नसतं, म्हणून त्याच्यासाठी हा धोका रास्त ठरतो. ज्याला नीट ऐकू येतं त्याचं सगळंच पणाला लागतं.

गाण्याचं म्हणाल तर मिरजेच्या तंबोऱ्याकडेच बघा. घोडीवर तारेखाली सुताचा धागा केसभर पुढे-मागे सरकवला की जवारी लागते, एकाच तारेतून वरचे स्वर झळाळून उठतात. इम्प्लांटमध्ये शेजारशेजारच्या इलेक्ट्रोडची वीज एकमेकांत पसरते. त्यामुळे बोलणं चांगलं कळतं, ताल पकडता येतो, पण जवळजवळचे स्वर वेगळे काढणं फार अवघड जातं. इम्प्लांट बसवलेली काही मुलं मेहनतीने गातात, त्याचं आम्हाला मनापासून कौतुक आहे. पण गाण्याचा कान हवा म्हणून चांगला कान काढून तिथे २२ इलेक्ट्रोड बसवणं म्हणजे उलटाच प्रकार.

वटवाघळाचे बहुतेक आवाज २०,००० हर्ट्झच्या वर, म्हणजे माणसाला ऐकू येतं त्यापलीकडे असतात. तसा मायक्रोफोन जोडता येईल, हे खरं. पण त्याने आलेला आवाज कोणत्या नसेवर टाकणार? शंखातली प्रत्येक जागा आधीच कुठल्या ना कुठल्या स्वराची आहे. नवा आवाज तिथे घुसवला की जुना हटतो, बहुधा बोलण्यातलाच. मुलाला वटवाघूळ ऐकायचंच असेल तर बॅट डिटेक्टर नावाचं हातात धरायचं यंत्र मिळतं. ते वटवाघळाचा आवाज खाली आणून टिकटिक ऐकवतं. संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर जा, ऐका आणि बंद करून घरी या.

मेंदू लवचीक असतो हे खरं आहे, पण इथे ते उलट लागू पडतं. बहिऱ्या मुलाच्या मेंदूकडे आवाजच पोचत नाही, म्हणून दर महिन्याचा उशीर महागात पडतो आणि आम्ही पालकांच्या मागे लागतो. ऐकू येणाऱ्या मुलाचं थांबून काहीच बिघडत नाही. उलट त्या कोवळ्या वयात मेंदू अपुऱ्या आवाजावर घडला तर तो आयुष्यभर तसाच राहण्याची भीती.

परदेशाचे दाखलेही तपासू. नील हार्बिसन या कलाकाराने रंग आवाजाच्या रूपात ऐकता यावेत म्हणून २००४ मध्ये डोक्यात अँटेना बसवून घेतला. ते जन्मतः रंगांध आणि बसवला तेव्हा सज्ञान. मेंदूत चिप बसवणाऱ्या न्यूरालिंक कंपनीचं जानेवारी २०२४ मधलं पहिलं रोपण मानेखालचं शरीर लुळं पडलेल्या प्रौढाच्या मेंदूत झालं आणि काही आठवड्यांतच त्यातले काही बारीक इलेक्ट्रोड-धागे जागेवरून मागे सरकले. अंधांसाठीचा आर्गस-२ हा डोळ्यातला इम्प्लांट तर कंपनीने २०१९ मध्ये बनवणंच थांबवलं. ज्यांच्या डोळ्यात तो होता त्यांना सुट्या भागांसाठी आणि दुरुस्तीसाठी वणवण करावी लागली. ५ वर्षांच्या मुलाला हे यंत्र पुढची ७० वर्षं सांभाळायचं आहे.

कोणी विचारेल, ‘लस देतो, कान टोचतो, मग हे का नको?’ लस मुलाचं काही काढून घेत नाही. टोचलेलं भोक वापरलं नाही तर बुजतं. चष्मा घालवण्याचं लेझरसुद्धा १८ च्या आत सहसा करत नाहीत, कारण नंबर स्थिरावलेला नसतो. इथे मात्र मुलाला कळायच्या आधीच त्याचा कान कायमचा बदलतो. शिवाय मेनिंजायटिसचा (मेंदूच्या आवरणाला सूज येण्याचा) वाढलेला धोका, त्यासाठी न्यूमोकोकल लस, एमआरआयच्या वेळी चुंबकाची अडचण, यंत्र बिघडलं तर दुसरं ऑपरेशन. डोक्याला मार बसू द्यायचा नाही, म्हणजे तालमीत कुस्ती बंद.

सही पुरते हे तर साफ चूक. भारतीय न्याय संहितेचं कलम २७ हे १२ वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी, पालकांच्या संमतीने, सद्भावनेने केलेल्या कृतीला संरक्षण देतं. पण जाणूनबुजून जबर दुखापत करण्याला ते संरक्षण नाही. अपवाद दोनच: मृत्यू किंवा जबर दुखापत टाळायची असेल, नाहीतर गंभीर आजार वा व्यंग बरं करायचं असेल. आणि कलम ११६ नुसार एका कानाची ऐकण्याची शक्ती कायमची जाणं ही जबर दुखापतच. निरोगी मुलात बरं करायला काहीच नाही. तेव्हा आईवडिलांची सही घेऊन डॉक्टर सुटेल, असं धरून चालू नका.

या मेसेजचा आम्हाला खरा राग येतो तो वेगळ्याच कारणाने. ज्यांना इम्प्लांट लागतोच त्या मुलांना तो वेळेत मिळत नाही. सर्जरीनंतर साधारण तीन-चार आठवड्यांनी मशीन सुरू होतं, मग मॅपिंगच्या (मुलाला नीट ऐकू येईल असं मशीन जुळवण्याच्या) फेऱ्या आणि दोनेक वर्षं रोजची स्पीच थेरपी. हे उशिरा सुरू झालं तर बोलणं मागे पडतं. म्हणून बाळ १ महिन्याचं व्हायच्या आत ओएई तपासणी (कानाचा प्रतिसाद मोजणारी), शंका आली तर ३ महिन्यांच्या आत बेरा (आवाजाला नस आणि मेंदू देत असलेला प्रतिसाद मोजणारी), ६ महिन्यांच्या आत उपचार सुरू. दोन्ही तपासण्या बाळ झोपलेलं असताना होतात, सुई टोचत नाहीत. दार आपटल्यावर बाळ दचकत नसेल, ६ महिन्यांचं होऊनही हाकेकडे मान वळवत नसेल, तर ‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणून थांबू नका. डिस्चार्ज कार्डावर ओएईची नोंद आहे का ते आज बघा. नसेल तर दीड महिन्याच्या लशीला जाल तेव्हा तिथेच विचारा.