आधी ती वाटी उचला!

कुत्रं घरात येऊन दोन दिवस होत नाहीत, तोच रडगाणं सुरू. "जिभाऊ, हे तर काहीच खात नाही हो. लई नखरेल निघालं!" नखरेल? त्या जिवाची आई सुटली, भावंडं सुटली, मळा सुटला. मोटारसायकलवर पोत्यात बसून चाळीसगावहून धुळ्यापर्यंत ओकत आलं, गुळगुळीत फरशीवर चार वेळा घसरलं, आणि आता पुढ्यात कुत्र्यांच्या तयार खाद्याचे, जन्मात न पाहिलेले तपकिरी दाणे. भोवती घरातले सहा जण उकिडवे बसलेत. "खाय ना रे, खाय ना बाप्पा!" लग्नाच्या पंगतीत नवरदेवालासुद्धा एवढा आग्रह कोणी करत नाही. असं सगळे तोंडाकडे बघत असताना तुमच्या घशाखाली तरी घास उतरेल का?

मोठं, धडधाकट कुत्रं नव्या घरात पहिला दिवस, कधी दुसराही, जेवणाला तोंड लावत नाही. पाणी पितंय, लघवी होतेय, डोळे तरतरीत आहेत, तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण आपल्याला धीर कुठला! पहिल्या सकाळी दाणे ठेवले, पाच मिनिटांत आजी दूध ओतून गेली. दुपारी काकांनी बिस्किटं मोडून टाकली. संध्याकाळी पोरगं ढाब्यावरची तंगडी घेऊन आलं. रात्री आत्याने भाकरी कुस्करून वर तुपाची धार सोडली. दिवसभरात चार माणसं, चार वाट्या. कुत्रं मूर्ख नसतं. ते एवढंच शिकतं की तोंड फिरवलं की ताट बदलतं आणि बदललेलं ताट आधीपेक्षा चांगलं असतं. नखरे त्याच्या रक्तात नव्हते, तुम्ही त्याला शिकवणी लावलीत.

बरं, "काहीच खात नाही" हेही धादांत खोटं. हिशेब करा. १० किलोच्या, नसबंदी झालेल्या मोठ्या कुत्र्याला दिवसाला साधारण ६३० किलोकॅलरी लागतात. ग्लुकोज बिस्किटांच्या १०० ग्रॅममध्ये ४५० च्या आसपास असतात. म्हणजे येता-जाता 'एकच हं' करत सगळ्यांनी मिळून १०० ग्रॅमचा पुडा संपवला की दिवसाचं दोन-तृतीयांश जेवण झालं. तुपाचा एक मोठा चमचा म्हणजे आणखी १२०. मग संध्याकाळी ते दाणे कशाला खाईल, तुमच्या समाधानासाठी? जेवणाखेरीजचा सगळा खाऊ मिळून दिवसाच्या गरजेच्या दहाव्या हिश्श्यात बसला पाहिजे. १० किलोच्या कुत्र्याला हा हिस्सा तीन बिस्किटांत संपतो. तीन! आणि घरात माणसं सहा.

दुधाचंही तेच. बहुतेक मोठ्या कुत्र्यांना दुधातली साखर नीट पचत नाही. वाटीभर दूध पाजलं की रात्री जुलाब, दुसऱ्या दिवशी पोट दुखतं म्हणून जेवण बंद, जेवण बंद म्हणून पुन्हा दूध. हे चक्र आठ-आठ दिवस चालतं आणि शेवटी नाव कुणाचं? कुत्र्याचं.

पण डोकं खरं कुठे फिरतं सांगू? "आमच्याकडे आलंय म्हटल्यावर आमचंच जेवण खायला लागंल ना" म्हणत शेवभाजीचा रस्सा ओततात तिथे. अहो, खान्देशी काळ्या मसाल्यात भाजलेला कांदा, भाजलेलं खोबरं, लसूण, मिरची, वर बोटभर तेलाचा तवंग. भरतात वांगं निरुपद्रवी, पण कांद्याची पात आणि लसूण ठासून भरलेला. डाळीला लसणाची फोडणी, खिचडीला लसणाची फोडणी. कांदा-लसणातली गंधकाची द्रव्यं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. शिजवल्याने, वाळवल्याने ती जात नाहीत, आणि लसूण कांद्यापेक्षाही विषारी निघतो. शिवाय त्रास लगेच दिसत नाही. तीन-चार दिवसांनी हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी तांबूस होते, कुत्रं धापा टाकतं. तोवर तो रस्सा कुणाच्या लक्षातही नसतो. द्राक्षं आणि मनुका तर एकही देऊ नका, किडनी जाते. शिजलेलं हाड नको, त्याचे काटे होऊन आतडं फाटतं. आपल्या रावेर-यावलचं केळं मात्र दोन चकत्या खुशाल द्या.

आणताना एक साधा प्रश्न कोणी विचारत नाही: हे आधी काय खात होतं, किती वाजता, कशात? मळ्यावर भाकरी-ताकावर वाढलेल्या पिल्लापुढे एकदम दाणे ठेवून कसं चालेल? त्याच्या लेखी ते खाणंच नाही, खडी आहे. पहिले तीन दिवस जुनंच द्या, भाकरी तर भाकरी. मग पाव हिस्सा नवं, पाऊण जुनं. दोन-तीन दिवस शी घट्ट राहिली तर निम्मं-निम्मं, मग पाऊण, मग पूर्ण. सात ते दहा दिवस लागतात. नुसत्या भाकरीवर कायमचं ठेवायचं नाही, त्यात प्रथिनं पुरत नाहीत. पण सुरुवात तिथूनच.

आता वाटी कुठे ठेवता ते बघू. दारात. जिन्याखाली. नाहीतर घरघरणाऱ्या कूलरपुढे, "गार वाटंल त्याला" म्हणून! त्या आवाजाला बिचकून ते वाटीच्या चार हात लांब उभं राहतं आणि तुम्ही म्हणता, "बघा, वास घेतं अन् निघून जातं." भिंतीकडचा, ये-जा नसलेला एकच कोपरा ठरवा आणि रोज तोच ठेवा. फरशी फिनाइलने पुसून लगेच तिथे वाटी मांडू नका. फिनाइलचा वास आपल्याला नकोसा होतो, त्याच्या नाकाचं काय होत असेल? भांडी घासायच्या लिंबाच्या साबणाचा वासही वाटीला राहू देऊ नका. हलकी स्टीलची वाटी फरशीवर सरकते, गळपट्ट्याचा बिल्ला तिच्यावर टणटण वाजतो, आणि भित्रं कुत्रं तेवढ्यानेही मागे हटतं. जड, पसरट भांडं घ्या, खाली गोणपाट टाका. मुंग्या लागत असतील तर भांडं पाण्याच्या परातीत ठेवा.

आणि पहिल्याच दिवशी जंताची गोळी जेवणात चुरून घालणारे महाभाग! कडू लागलं, झालं, त्या वाटीवरचा विश्वास उडाला. गोळी वेगळी द्या, खव्याच्या सुपारीएवढ्या गोळ्यात, जेवणाच्या जागेपासून लांब.

पद्धत सोपी आहे. सोपी आहे म्हणूनच कोणी पाळत नाही. मोठ्या कुत्र्याला दोनच वेळा, ठरलेल्या वेळी. चार महिन्यांच्या आतल्या पिल्लाला तीन-चार वेळा. वाटी ठेवा आणि तिथून निघा. बघत बसायचं नाही, डोक्यावरून हात फिरवायचा नाही, नाव घेऊन हाका मारायच्या नाहीत. १५-२० मिनिटांनी वाटी उचला, रिकामी असो की भरलेली. रागवायचं नाही, चुचकारायचं नाही, बदली काही द्यायचं नाही. पुढच्या वेळेपर्यंत फक्त पाणी. पाण्याचं भांडं कधीच उचलायचं नाही. सहसा तिसऱ्या-चौथ्या जेवणाला कुत्रं वाटीत तोंड घालतं, पण घरातल्या सगळ्यांनी नियम पाळला तरच. एकाने जरी मधेच टोस्ट सरकवला की पुन्हा पहिल्यापासून.

एक अपवाद आहे आणि तो महत्त्वाचा. पलंगाखाली दडून थरथरणाऱ्या कुत्र्याला ही १५ मिनिटांची शिस्त लावू नका. ते सौदा करत नाही, भेदरलेलं आहे. त्याची वाटी त्याच्या दडण्याच्या जागेजवळच ठेवा. रात्री दिवे मालवल्यावर कोरडं खाणं तिथेच राहू द्या आणि सकाळी बघा. पुष्कळ कुत्री पहिला आठवडाभर घर झोपल्यावरच जेवतात. आलेल्या दिवशीच गल्लीतली पोरं जमवून फोटो काढायचे असतील तर मग त्याच्या भुकेचं नावही काढू नका.

वासाने भूक चाळवते, हे खरं. म्हणून दाण्यांवर कोमट पाणी शिंपडून पाच मिनिटं ठेवा. फार तर आपल्या अंगाइतकं कोमट. तेवढ्याने भागलं नाही तर पाव किलो बिनहाडाची, बिनकातडीची कोंबडी एक लिटर पाण्यात अर्धा तास उकळा. मीठ नाही, मसाला नाही, कांदा-लसूण तर नाहीच. गाळलेलं पाणी फ्रिजमध्ये गार झालं की वरचा चरबीचा थर काढून टाका आणि बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. दर जेवणाला एक तुकडा कोमट करून दाण्यांत कालवा. कालवा म्हटलंय, वर ओतू नका. वर ओतलं की वरचं चाटून खालचं सोडून देतं. घरात मांसाहार चालत नसेल तर उकडलेल्या गंगाफळाचा, म्हणजे लाल भोपळ्याचा, दोन चमचे गर किंवा चमचाभर ताजं दही. काहीतरी एकच निवडा आणि आठवड्याभराने हळूहळू कमी करा.

आता आपलं ऊन. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ वर जातो आणि लोक दुपारी दीडला पत्र्याच्या शेडमध्ये वाटी ठेवून म्हणतात, "खात नाही." तुम्ही तरी खाल का? कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, धापा टाकूनच ते अंग गार करतं. धापा टाकत असताना चावणार कसं? सकाळी सहाच्या आत आणि रात्री आठनंतर जेवण. पाणी किलोमागे रोज ५०-६० मिली तर एरवीही लागतं, उन्हाळ्यात त्याहून कितीतरी जास्त. म्हणून सावलीत दोन ठिकाणी ठेवा.

याच उन्हाने दाणेही खराब होतात. दुकानदार गोणी उघडी ठेवून सुटे तोलून देतात आणि आपण किलोमागे वीस रुपये वाचले म्हणून खूश. उघड्यावर, तापत्या पत्र्याखाली त्यातली चरबी खवट होते. आपल्याला कळत नाही, त्याला दारातूनच कळतं. महिन्या-दीड महिन्यात संपेल एवढीच बंद पिशवी घ्या. पिशवीसकट झाकणाच्या डब्यात ठेवा, माळ्यावर नको. पावसाळ्यात दाणे मऊ पडले किंवा बुरशीचा वास आला तर फेका.

आणि हे सगळं धडधाकट कुत्र्याचं. पिल्लू असेल तर 'बघू उद्या' चालत नाही. तीन-चार महिन्यांचं पिल्लू १२ तास जेवलं नाही, तर दवाखाना गाठा. अगदी लहान किंवा चिमुकल्या जातीचं असेल तर त्याहूनही आधी, कारण त्याची रक्तातली साखर झपाट्याने उतरते. लटपटायला लागलं तर हिरड्यांना मध चोळा आणि निघा. जेवण बंद, उलट्या आणि रक्ताचे, घाणेरड्या वासाचे जुलाब दिसले तर पार्व्हो हा विषाणूचा जीवघेणा आजार असू शकतो, तिथे तासांचा हिशेब असतो. मोठं कुत्रं ४८ तास उपाशी राहिलं, किंवा पाणीही पीत नाही, तर न्याच. वाटीपाशी येतं, ओठ चाटतं, लाळ गाळतं आणि वळून जातं, हा नखरा नाही, मळमळ आहे. घास उचलून खाली पाडतं, एकाच बाजूने चावतं, तर तोंड दुखतंय. मळ्यावरून आणलेल्याच्या कानांत, बोटांच्या बेचक्यांत गोचीड बघा. गोचिडांच्या तापाची सुरुवात पुष्कळदा जेवण सोडण्यानेच होते. "नाक कोरडं म्हणजे ताप" हे सोडा आणि थर्मामीटर गुदद्वारात लावा: १०१ ते १०२.५ फॅरनहाइट ठीक, १०३ च्या वर गेलं तर डॉक्टर. घरातली पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन त्याच्या घशात घालू नका, त्यानेच मरायचं.

दवाखान्यात डॉक्टर पहिली गोष्ट विचारतात ती हीच, शेवटचं काय खाल्लं आणि कधी. बाप छातीठोकपणे सांगतो, "दोन दिवसांपासून पाण्याच्या थेंबाशिवाय काही नाही साहेब." मागून पोरगं हळूच, "सकाळी मी अर्धा पुडा दिला होता." मग आजी, "अन् मी थोडं दूध." आत्या अजून गप्पच असते.