सळई लांब, टेम्पो आखूड: होतकरू बिल्डरास चार शब्द

सर्वप्रथम अभिनंदन. गिरगावातल्या एका जुन्या चाळीच्या पुनर्विकासाचं काम तुम्हाला मिळालं, भूमिपूजनाचा नारळ फुटला, भाडेकरू संक्रमण शिबिरात गेले आणि आता कळंबोलीच्या लोखंड बाजारातून सळया आणायच्या आहेत. इथं पुष्कळ नवखे लोक एक चूक करतात. ते आधी ट्रेलरचं भाडं विचारतात. तुम्ही तसं करू नका. आधी कायदा वाचा. आपण नेमकं काय मोडणार आहोत हे माहीत असलेलं बरं, नाहीतर चुकून एखादा नियम पाळला जायचा.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे. त्यातला ९३ क्रमांकाचा नियम गाड्यांच्या मापाचा. रुंदी जास्तीत जास्त २.६ मीटर. मालट्रकची उंची ४ मीटर. २०२० पर्यंत ती ३.८ होती. साध्या ट्रकची लांबी १२ मीटर, ट्रेलर जोडलेल्या लांबलचक गाडीची १८.७५. बेस्टच्या डबलडेकरला ४.७५ मीटर उंचीची मुभा आहे, कारण ती माणसं वाहते. तुमच्या सळया माणसं नाहीत, याला आपला इलाज नाही.

आता मुख्य गोष्ट. माल हौद्याच्या किती बाहेर आलेला चालतो? शून्य. पूर्वी मागच्या बाजूला एक मीटरपर्यंत सवलत होती. पाठीमागून येणारे लोक बाहेर आलेल्या सळयांवर आदळून मरायला लागले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१४ मध्ये सरकारनं तो मीटर काढून घेतला. म्हणजे कागदावरून काढून घेतला. रस्त्यावरचा मीटर अजून कोणी जमा केलेला नाही, उलट त्याला पिल्लं झाली आहेत.

हिशोबाला बसू. कारखान्यातून सळई येते १२ मीटरची, म्हणजे साधारण चाळीस फूट. तुमच्याकडे आहे छोटा हत्ती नावाचा टेम्पो, त्याचा हौदा सात फुटांचा. साधा माणूस इथंच हाय खाईल, तुम्ही बिल्डर आहात. हमालांकडून सळयांची मोळी मधोमध वाकवून घ्या, झाले वीस फूट. सात फूट हौद्यात, पाच फूट केबिनच्या टपावरून पुढे, उरलेले आठ फूट फाळका पाडून मागे. वाकवलेली टोकं डांबराला घासत, ठिणग्या उडवत जातील. रात्रीच्या वेळी ते फार छान दिसतं आणि मागच्याला सूचनाही मिळते.

वजनाचंही सांगतो. साइटवरचा कोणताही सुपरवायझर तोंडपाठ म्हणून दाखवेल: व्यासाचा वर्ग भागिले १६२, की मीटरमागे किलो. बारा एमएमची सळई मीटरला ०.८९ किलो, अख्खी सळई पावणेअकरा किलोच्या आसपास. पाऊण टन क्षमतेच्या टेम्पोत अशा ७० सळया बसल्या की कायदा संपला. तुम्हाला स्लॅबसाठी दोनशे हव्या आहेत. तीन खेपा कराल? डिझेल काय फुकट येतं? एका खेपेत भरा. टेम्पोचं नाक वर उचललं गेलं, स्टिअरिंग हलकं लागायला लागलं आणि ड्रायव्हर म्हणाला, ‘शेठ, पुढची चाकं धरत नाहीयेत,’ तर त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणा, ‘अरे, तू जुना माणूस, तुला मी काय सांगायचं?’ हे वाक्य आजवर फुकट गेलेलं नाही.

तो अगदीच अडला तर लाल फडकं द्या. या फडक्याची थोरवी गायची तर स्वतंत्र लेख लागेल. ते सळयांच्या टोकाला बांधलं की सळया कायदेशीर होतात, अशी श्रद्धा कळंबोलीपासून दहिसरपर्यंत पसरली आहे. फडकं कोणतंही चालतं. जुन्या साडीचा काठ, सिमेंटच्या गोणीचा तुकडा, गेल्या निवडणुकीतली पताका. मूळ रंग काय होता याची चौकशी होत नाही. रात्री ते दिसत नाही, पण श्रद्धेच्या गोष्टी दिसाव्यात असा आग्रह धरू नये. शिवाय खाली लोंबणाऱ्या सळयांमुळे मागचे दिवे झाकले जातात, नंबरप्लेटही झाकली जाते आणि कॅमेऱ्याला ई-चलान कोणाच्या नावे फाडावं हे कळत नाही. एवढा फायदा ट्रेलरवाला देतो का?

सायन-पनवेल महामार्गावर तुमच्या मागे मोटारसायकलवर कोणीतरी असेल. रात्रपाळीवरून घरी निघालेला, हेल्मेट घातलेला, रांगेत चालणारा. तुमच्या ड्रायव्हरनं वाशीच्या खाडीपुलाच्या तोंडाशी कचकन ब्रेक मारला, तर त्याच्या छातीसमोर काय असेल याचा विचार तुम्ही करू नका. त्यानं अंतर ठेवायला हवं होतं. आपल्याकडे मागच्यानं अंतर ठेवायचं असतं, पुढच्यानं आठ फूट सळया. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात ‘टेम्पोला धडक’ असंच येईल. टेम्पोनं धडक दिली असं कोणी लिहिणार नाही. भाषासुद्धा तुमच्याच बाजूची आहे.

आता दंडाचं दरपत्रक. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे जादा वजनाला २० हजार रुपये, वर दर जादा टनाला २ हजार. माल बाजूनं, पुढून, मागून किंवा उंचीनं बाहेर आला तर वेगळे २० हजार. वजन करायला गाडी थांबवलीच नाही तर ४० हजार. म्हणजे थांबणं निम्म्यात पडतं. तेव्हा हात दाखवला की थांबा, खाली उतरा, नमस्कार करा. पुढचा संवाद मी लिहीत नाही, तो मुंबईकराला शिकवावा लागत नाही.

याच कलमात एक विनोदी भाग आहे. दंडाखेरीज जादा माल जागच्या जागी उतरवायचा, उतरवणावळ तुम्ही भरायची आणि मगच गाडी पुढे न्यायची, असं कायदा म्हणतो. दोनशे सळया मानखुर्दच्या सिग्नलला उतरवून ठेवल्याचं दृश्य डोळ्यासमोर आणून बघा. ते कोणाच्याच डोळ्यासमोर येत नाही, म्हणून पावती फाटते आणि माल जसाच्या तसा पुढे निघतो. दंड हे जणू त्या दिवसापुरतं लांब सळयांचं तिकीट. चेंबूरला पुन्हा कोणी अडवलं तर ‘आत्ताच काढलंय’ म्हणून दाखवता येतं.

कायद्याच्या मार्गानं जायचंच असेल तर तोही आहे, फक्त तुमच्यासाठी नाही. मेट्रोचा गर्डर, पवनचक्कीचं पातं, वीजकेंद्राचा ट्रान्सफॉर्मर अशा तुकडे न करता येणाऱ्या मालाला परवानगी मिळते. अर्ज करायचा, मार्ग ठरवून घ्यायचा, शुल्क भरायचं, बहुचाकी हायड्रॉलिक ट्रेलर लावायचा, पुढेमागे पायलट गाडी ठेवायची. ट्रान्सपोर्टवाले अशा मालाला ओडीसी म्हणतात, म्हणजे ओव्हर डायमेन्शनल कार्गो. तुमची सळई मात्र कापता येते, मोळी सुटी करता येते, म्हणून तुम्हाला परवानगी नाही. ट्रान्सफॉर्मरवाल्याला कागदांचा गठ्ठा, तुम्हाला एक फडकं. कोण सुखी?

इथं एखादा शहाणा इंजिनिअर तुम्हाला सांगेल की यार्डातच मापानं कापून, वाकवून तयार केलेल्या सळया मिळतात. गिरगावच्या गल्लीत १८.७५ मीटरचा ट्रेलर वळणार नाही हे खरं, पण कापलेल्या सळया लहान गाडीच्या हौद्यात मावतात आणि फाळका बंद होतो. त्याचं म्हणणं बरोबर आहे. म्हणूनच त्याला पुढच्या मीटिंगला बोलवू नका.

उंचीची बाजू थोडी निराळी, कारण तिथं दंड करणारा माणूस नसून काँक्रीट असतं आणि त्याच्याशी बोलता येत नाही. तरी निराश होऊ नका. पुलाखालच्या कमानीवर जो आकडा रंगवलेला असतो, तो कमान उभारली तेव्हाचा. नंतर दर पावसाळ्याअगोदर रस्त्यावर डांबराचा नवा थर चढत गेला, आकडा तोच राहिला. गाडी अडकली की क्लीनरनं टायरमधली हवा सोडायची, दोनचार इंच मिळतात. तोवर मागे सायनपर्यंत रांग लागलेली असते आणि रांगेतला प्रत्येक जण महापालिकेला शिव्या घालत असतो, तुम्हाला नाही. खुद्द सायनचा रेल्वेवरचा पूल १९१२ सालचा. अशक्त झाला म्हणून त्याच्यावरून अवजड गाड्या बंद केल्या आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पाडण्यासाठी तो पूर्ण बंद झाला. पूल म्हातारे होतातच. त्यात आपल्या दोन टनांचा वाटा कोण मोजणार?

मोजायला गेलेल्यांनी मात्र एक भलतीच गोष्ट शोधून ठेवली आहे. १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत मुद्दाम रस्ते बांधून त्यांच्यावरून ट्रक फिरवले, तेव्हा दिसलं की रस्त्याचं नुकसान आसावरच्या (अ‍ॅक्सलवरच्या) वजनाच्या साधारण चौथ्या घाताप्रमाणे वाढतं. आसावर दहाऐवजी बारा टन टाकले तर नुकसान १.२ पट होत नाही, दुप्पट होतं. वजन दुप्पट केलं तर सोळापट. घाबरू नका, यात धंदा आहे. रस्ता फुटला की दुरुस्तीचं टेंडर निघतं, दुरुस्तीला खडी लागते, खडी डंपरमधून येते आणि डंपर कसा भरायचा हे तुम्हाला आता माहीत आहे. शिवाय सरकार समजूतदार आहे. २०१८ मध्ये दोन आसांच्या ट्रकची मर्यादा १६.२ टनांवरून १८.५ वर नेली. रस्ते त्या दिवशी जाड झाले नाहीत, पण ट्रकवाले जे आधीपासून वाहत होते त्यातला थोडा भाग अधिकृत झाला. तुम्ही वाहत राहा, कागद मागून येतो.

आणि स्वतःला एकट्याला अपराधी समजू नका. या शहराला मापाचं वावडं आहे. दर गणेशोत्सवात महापालिका पत्रक काढते की करी रोड आणि चिंचपोकळीच्या पुलांवर एका वेळी १६ टनांपेक्षा जास्त भार नको, पुलावर थांबू नका, नाचू नका. ते १६ टन भक्त, मूर्ती, ट्रॉली आणि ढोलपथक धरून. काटा घेऊन पुलाच्या तोंडाशी कोण उभा राहणार? मोरया म्हणायचं आणि पुढं सरकायचं. प्लंबर स्कूटरवर मागे बसून खांद्यावर वीस फुटी पाइप धरतो आणि वळण आलं की पाइप आधी वळतो, स्कूटर नंतर. मशीद बंदरची हातगाडी तर कायद्याच्याही वर आहे, कारण तिला इंजिन नाही म्हणजे ती मोटार वाहन नाही. तीन माणसं घामाघूम होऊन ती ओढतात आणि पुढचा ‘बाजू, बाजू’ ओरडतो. त्या ओरडण्यात जेवढी सावधगिरी असते तेवढी तुमच्या अख्ख्या खेपेत नाही, हे आपल्यात राहू द्या.

राहता राहिला जबाबदारीचा प्रश्न. दंडाच्या त्याच कलमात एक वाईट शब्दरचना आहे: गाडी चालवणारा ‘किंवा चालवायला लावणारा’. हे दुसरं म्हणजे तुम्ही. तेव्हा बिल्टीवर, म्हणजे मालवाहतुकीच्या पावतीवर, वजन ७०० किलोच लिहून घ्या. सूचना तोंडी द्या, व्हॉट्सअ‍ॅपवर नको. टेम्पो ड्रायव्हरच्या मेव्हण्याच्या नावावर असेल तर उत्तम. काही बरंवाईट झालंच तर पोलीस ठाण्यात पहिला त्यालाच बसवतील. तुम्ही दुसऱ्या दिवशी जा, सोबत वकील न्या आणि ‘मी त्याला शंभर वेळा सांगितलं होतं’ असं खऱ्या दुःखानं म्हणा.

असो. सळया पोचतील, स्लॅब पडतील, बावीस मजले उभे राहतील. मग खाली पार्किंगच्या तोंडाशी काळ्यापिवळ्या पट्ट्यांचा आडवा पाइप लावा आणि त्यावर मोठ्या अक्षरांत ‘उंची २.१ मीटर’ लिहून घ्या. तिथं सेंटीमीटरचीही सूट देऊ नका. तुमच्या स्वतःच्या स्प्रिंकलरच्या नळ्या आहेत वर. सामान घेऊन आलेला एखादा टेम्पोवाला ‘साहेब, एवढंसंच वर आहे, फडकं बांधू का?’ म्हणाला तर त्याला नियम म्हणजे काय ते नीट समजावून सांगा आणि कपाट रस्त्यावरच उतरवून घ्यायला लावा. उतरवणावळ त्याच्याकडून.