ड्रोन फोनच्या कंपासवर उडत नाही: ग्रुपवर फिरणाऱ्या मेसेजचा प्रतिवाद

लग्नाचं शूटिंग करणारे, मोजणीवाले, फवारणीवाले, सगळ्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. ड्रोन उडवताना फोनच्या ॲपमध्ये नकाशा आणि त्यावर बाण दिसतात, त्यांच्याबद्दल तो म्हणतो: "नकाशावर तुमचा बाण उलटा दिसला की समजा फोनचा कंपास बिघडला. तसंच उडवलं तर ड्रोन भरकटेल, परत येणार नाही. फोन हवेत आठच्या आकारात फिरवा, लगेच ड्रोनचाही कंपास कॅलिब्रेट करा. आपल्या मराठवाड्याच्या काळ्या दगडात लोखंड आहे, म्हणून दर उड्डाणाआधी हे करायचंच."

कॅलिब्रेट करणं म्हणजे कंपास नव्याने जुळवून घेणं. मेसेज काळजीपोटी लिहिलेला दिसतो, पण त्यात फोनचा आणि ड्रोनचा असे दोन वेगळे कंपास एकात एक मिसळलेत. त्यामुळे जिथे धोका नाही तिथे माणूस घाबरतो आणि जिथे खरा धोका आहे तिथे निर्धास्त राहतो.

"फोनचा कंपास बिघडला की ड्रोन भरकटतो." हे चूक आहे. दिशा कळण्यासाठी ड्रोनमध्ये स्वतःचा मॅग्नेटोमीटर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणारा सेन्सर असतो, जागा कळण्यासाठी स्वतःचा जीपीएस असतो. उडताना होम पॉइंट, म्हणजे जिथून उडाला ती जागा, ड्रोन स्वतःच नोंदवतो आणि रिटर्न टू होम (परत बोलावण्याचं बटण) दाबल्यावर त्याच नोंदीवर परत येतो. रिमोट हातात धरून तुम्ही कोणीकडे तोंड करून उभे आहात, एवढंच फोनचा कंपास ॲपला सांगतो. तो चुकला तर पडद्यावरचं तुमचं चित्र चुकतं, ड्रोन नाही. होम पॉइंट मध्येच बदलून 'माझ्या जागेवर' आणला, तर त्यात फोनचं लोकेशन वापरलं जाऊ शकतं, पण लोकेशन वेगळं आणि दिशा वेगळी. अपवाद आहेत, पण जुने. २०१२ साली आलेल्या पॅरट कंपनीच्या एआर.ड्रोन २.० मध्ये फोन तिरका करून उडवण्याची एक पद्धत होती, ती फोनच्या कंपासवर चाले. आज लग्नात किंवा वावरात दिसणाऱ्या कॅमेरा ड्रोनचं तसं नाही.

चुकीच्या बाणाचा धोका असेल तर तो उडवणाऱ्याच्या डोक्यात असतो. पडद्यावर विश्वास ठेवून माणूस रिमोटवरची स्टिक उलटीकडे दाबतो आणि ड्रोन आणखी दूर जातो. असं वाटलं तर स्वतःचा बाण बघूच नका. नकाशावर ड्रोनचा बाण आणि एच ही होम पॉइंटची खूण, दोन्ही ड्रोनच्याच माहितीवर असतात. ड्रोन जागेवर फिरवून त्याचं नाक एचकडे करा आणि पुढे नेणारी स्टिक हलकी दाबा. अंतराचा आकडा उतरत असेल तर दिशा बरोबर. चढत असेल तर स्टिक सोडा, ड्रोन थोडा वळवा, पुन्हा बघा. यात फोनच्या कंपासचा काहीच संबंध येत नाही.

"आठच्या आकारात फिरवला की बरा होतो." कधीकधी होतो. पण चूक कोणत्या जातीची आहे हे आधी ओळखायला हवं, आणि त्यासाठी चार मिनिटं पुरतात. ट्रॅक्टर, बोअरची स्टार्टर पेटी, पत्र्याचा आखाडा (शेतातली शेड) यांच्यापासून पंधरा-वीस मीटर लांब, मोकळ्या वावरात उभे राहा. उपग्रह नकाशावर स्पष्ट दिसणारा सरळ धुरा (बांध) किंवा रस्ता निवडा. फोन होल्डरमध्ये जसा बसवता तसाच बसवा, धुऱ्याच्या रेषेत तोंड करा आणि बाण त्या रेषेवर आहे का ते पाहा. मग नव्वद-नव्वद अंशांनी वळत आणखी तीन वेळा पाहा.

चारही बाजूंना बाण सारखाच ९० किंवा १८० अंशांनी चुकत असेल तर चुंबकाचा दोष नाही. फोनचा कंपास फोनच्या वरच्या कडेला 'पुढे' मानतो. होल्डरमध्ये आपण फोन आडवा बसवतो, तेव्हा ॲपने तो हिशेब ९० अंशांनी वळवून घ्यायचा असतो. ऑटो-रोटेट बंद असेल किंवा फोन उलट्या बाजूने आडवा घातला असेल, तर काही ॲपमध्ये हा हिशेब गडबडतो. इथे कितीही आठ काढले तरी फरक पडत नाही. ऑटो-रोटेट सुरू करा, ॲप पूर्ण बंद करून उघडा, तरीही तसंच असेल तर फोन काढून दुसऱ्या बाजूने आडवा बसवा.

दोन दिशांना बाण जवळपास बरोबर आणि उरलेल्या दोन दिशांना बराच चुकलेला दिसला, तर जवळ चुंबक आहे. आपल्या भागात पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा भाग सुमारे ३९ मायक्रोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजण्याचं एकक) आहे. होल्डरमधल्या चुंबकाने बाजूने २० मायक्रोटेस्ला टाकले तर बाण २७ अंशांच्या आसपास हलतो. चुंबकाचा जोर ३९ च्या बराच वर गेला की तुम्ही गोल फिरा, बाण फोनलाच चिकटून राहतो, सगळीकडे जवळपास तीच एक दिशा दाखवतो. चोर शोधायला फायफॉक्ससारखं मॅग्नेटोमीटर दाखवणारं ॲप घ्या. मोकळ्या वावरात नुसत्या फोनचा आकडा साधारण ४२ ते ४५ येतो. मग एकेक वस्तू जवळ आणा: फ्लिप कव्हर, मागे चुंबकाने चिकटणारं पाकीट, गाडीतल्या होल्डरसाठी कव्हरमध्ये ठेवलेली लोखंडी पट्टी, ऊन अडवणारा हूड, हातातलं कडं, शेवटी रिमोट. ज्या वस्तूने आकडा उडी मारेल ती काढा. ती पट्टी तर लोक हमखास विसरतात.

दोष रिमोटमध्येच असेल, कारण काही रिमोटच्या स्टिकखाली छोटे चुंबक असतात, तर फोन चार-पाच सेंटीमीटर लांब सरकवणारा एक्स्टेंशन होल्डर लावा. लहान चुंबकाचा जोर अंतर दुप्पट केलं की आठपटीने कमी होतो, त्यामुळे एवढ्या सरकवण्यानेही मोठा फरक पडतो.

आठ काढायचा तो यानंतर. आणि हा आठ मराठी ८ नव्हे, तो हवेत काढून काही साधत नाही. इंग्रजी आठ, दोन वेटोळ्यांचा, आणि तो काढताना मनगट वळवून फोनची पाठ, पोट, कडा सगळ्या आलटून पालटून आकाशाकडे यायला हव्यात. फोन सपाट धरून नुसता हलवला तर सेन्सरला तिन्ही अक्षांची माहिती मिळत नाही. कव्हर आणि होल्डरसकट फोन वापरणार असाल तर त्या सगळ्यासकटच फिरवा. हातात कॅलिब्रेट करून मग चुंबकाच्या होल्डरमध्ये घातला, तर आधीची मेहनत तिथेच संपली.

आयफोनवर सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, लोकेशन सर्व्हिसेस, सिस्टीम सर्व्हिसेस असं जाऊन कंपास कॅलिब्रेशन सुरू आहे का तेही पाहा. स्वस्तातल्या काही अँड्रॉइड फोनमध्ये मुळात मॅग्नेटोमीटरच नसतो. सेन्सरची यादी दाखवणाऱ्या ॲपमध्ये तो दिसला नाही तर आठ काढू नका, नकाशावरचा आपला बाण सरळ विसरा. ड्रोन त्या फोनवरही नीट उडतो.

"लगेच ड्रोनचाही कंपास कॅलिब्रेट करा, दर उड्डाणाआधी करा." या वाक्याने सगळ्यात जास्त नुकसान होतं. ड्रोन बनवणाऱ्या डीजेआय कंपनीच्या लहान ड्रोनच्या मॅन्युअलमध्ये तीन प्रसंग सांगितलेत: मागच्या उड्डाणापासून ५० किमीपेक्षा लांब आलात, ३० दिवसांपेक्षा जास्त ड्रोन उडवला नाही, किंवा ॲपने स्वतः मागितलं. संभाजीनगरचा ड्रोन जालन्याला नेला तर करा, परभणीहून नांदेडला नेला तर करा. सकाळी हळदीला आणि दुपारी लग्नाला, त्याच गावात दोनदा करायची गरज नाही.

जागा चुकली तर हेच कॅलिब्रेशन ड्रोन बिघडवतं. मंगल कार्यालयाच्या स्लॅबवर, जीपच्या बॉनेटशेजारी, जालन्याच्या स्टील कारखान्यांच्या कुंपणाला लागून ते केलं, तर ड्रोन तिथल्या लोखंडाचं चुंबकीय क्षेत्र पृथ्वीचं समजून लक्षात ठेवतो. वर जाऊन ते लोखंड लांब पडलं की त्याची दिशा आणि जीपीएस यांचं जुळत नाही. मग तो जागेवर थांबण्याऐवजी वाढत्या गोलात फिरायला लागतो. ज्याला लोक 'भरकटला' म्हणतात त्याची सुरुवात पुष्कळदा इथे असते, आणि त्यात फोनचा काही दोष नसतो. असा गोल सुरू झालेला दिसला तर उंची आणि अंतर वाढवू नका, नजरेसमोर ठेवून मोकळ्या जागी उतरवा.

उडवण्याआधी आपला बाण नाही, ड्रोनचा बाण तपासा. ड्रोनचं नाक ज्या झाडाकडे, देवळाकडे आहे तिकडेच नकाशावर त्याचा बाण आहे ना? नसेल तर कॅलिब्रेट करण्याआधी जागा बदला. स्लॅबवरूनच उडवणं भाग असेल तर निदान लाकडी टेबलावरून उडवा आणि दोन-तीन मीटरवर थांबवून तो स्थिर राहतो का ते पाहा.

"काळ्या दगडात लोखंड आहे." आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या लाव्ह्यातून आलेल्या बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं. उघड्या कातळावर फोन टेकवला तर बाण काही अंश हलतो, वीज पडलेल्या टेकडीच्या माथ्यावर त्याहून जास्त हलू शकतो. पण कमरेच्या उंचीवर धरलेल्या फोनचा बाण चारही बाजूंना सारखाच ९० किंवा १८० अंशांनी उलटा होणं हे दगडाचं काम नाही, ते वर सांगितलेल्या आडव्या-उभ्याच्या गोंधळाचं आहे. 'खरी उत्तर' (नकाशावरची) आणि 'चुंबकीय उत्तर' (कंपासची) या सेटिंगवरही काही जण बोट ठेवतात. मराठवाड्यात या दोन उत्तर दिशांतला फरक एका अंशाहूनही कमी आहे, ते सेटिंग कसंही ठेवा. कातळावरून उडवायचं असेल तर ड्रोन दगडावर न ठेवता टेबलावर ठेवा किंवा शेजारच्या मातीच्या वावरात उतरा, एवढं पुरे.