अहो, त्या पताका जमिनीवर नका टाकू!

हिमाचलात धरमशाळेजवळ तिबेटी लोकांची वस्ती असलेल्या मॅक्लोडगंजच्या बाजारात दरवेळी हेच बघायचं. तिबेटी आजी मोजा विणत बसलेली, टाचेचे टाके अजून सुईवरच, आणि समोर आपलंच मराठी कुटुंब: "शंभरला दोन द्या, नाहीतर राहू द्या!" टॅक्सीला मात्र हजार निमूट मोजलेले असतात. पोरं पितळी वाडगे बडवताहेत, कुणी ओरडत नाही. सगळ्यात संताप येतो तो तिबेटी बौद्धांच्या प्रार्थनेच्या पताकांचा. निळी, पांढरी, लाल, हिरवी, पिवळी. म्हणजे त्याच क्रमाने आकाश, वारा, अग्नी, पाणी, पृथ्वी. त्यांवर मंत्र छापलेले असतात हो! ते जमिनीला लागू देत नाहीत. आणि ह्या बाई लांबी बघायला अख्खी माळ रस्त्यावर पसरतात, वर पाय देतात, न घेताच निघून जातात. आजी मुकाट उठते, माळ उचलून कपाळाला लावते, पुन्हा घडी घालते.